कागदोपत्री मांजर

तीन महिन्यांपूर्वी मुलीचा फोन आला आणि ढब्बूला सीमेपलीकडे तिच्या घरी पोचवायचं ठरलं. त्या दिवशी अनुस्वाररावांच्या पोटात जो गोळा आला, तो निघायच्या सकाळपर्यंत हललेला नव्हता. बायकोला त्यांनी पित्त झालंय असं सांगितलं होतं.

अनुस्वारराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात ते तीस वर्षं मुद्रितं तपासत होते. मजकुरातला एखादा अनुस्वार नजरेतून निसटला असेल की काय या शंकेनं ते ताटावरून उठून छापखान्यात फोन करायचे, म्हणून तिथल्या लोकांनी हे नाव ठेवलं आणि ते घरापर्यंत पोचलं. ढब्बू हा मुलीचा कुत्रा. तपकिरी, बेचाळीस किलोंचा, एक कान उभा आणि एक पडलेला. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी परदेशी जाताना "चार महिने सांभाळा हं, बाबा," म्हणून ती त्याला ठेवून गेली. पहिले चार महिने अनुस्वाररावांनी रोज कुरकुर केली. पाचव्या महिन्यापासून ती बंद झाली. आता मुलीला अंगणवालं घर मिळालं होतं. "घेऊन या त्याला," असं ती म्हणाली, तेव्हा "आणतो की! तुझाच आहे तो," हे वाक्य अनुस्वाररावांच्याच तोंडून निघालं होतं. फोन ठेवून ते ढब्बूला पाय मोकळे करायला घेऊन गेले आणि दोन तासांनी परतले.

मग त्यांनी सगळी काळजी कागदांवर काढली. कुत्र्याचा पासपोर्ट, लसीचा दाखला, जंताची गोळी दिल्याचा दाखला, आणि मानेत कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवल्याचा दाखला. त्या चिपचा पंधरा आकडी नंबर सगळ्या कागदांवर होता. अनुस्वाररावांनी तो कागदाला कागद लावून अठरा वेळा ताडून पाहिला. सगळीकडे सारखा. शेवटी तो पाठच झाला, आणि आंघोळ करताना ते तो पुटपुटू लागले.

गाडी बायको चालवत होती. ती शाळेची बस चालवायची. चाळीस पोरांचा कल्ला पाठीशी घेऊन बारा वर्षं बस हाकलेल्या बाईला सात तासांचा रस्ता म्हणजे काहीच नव्हतं. अनुस्वारराव मागच्या सीटवर, मांडीवर ढब्बूचं डोकं आणि त्याच्यावर फाइल, असे बसले होते. त्यांचा उजवा पाय तासाभरातच बधिर झाला होता.

"अगं, तिथली खोली पाचला बंद होते."

"आत्ता साडेदहा वाजलेत."

"उद्या सुट्टी आहे त्यांना. आणि जंताच्या गोळीची मुदत आजच संपते. आज पलीकडे गेलो नाही, तर..."

"अहो, जाऊ. दर दहा मिनिटांनी तर-तर काय लावलंय?"

"नंबर परत एकदा बघू का?"

"बघा," बायको आरशातून त्यांच्याकडे बघत म्हणाली. "कुत्रा पण बघा जरा. त्याला उतरायचंय वाटतं."

दीडच्या सुमाराला सीमा आली. जनावरं तपासायची खोली एका बाजूला होती. मध्ये स्टीलचं टेबल, कोपऱ्यात जमिनीत बसवलेला वजनकाटा, आणि औषधाचा असा वास, की ढब्बूनं उंबऱ्यावरच बसकण मारली. त्याला अनुस्वाररावांनी पुढून ओढलं आणि बायकोनं मागून ढकललं. आत गमबूट घातलेली एक तरुण अधिकारी होती. तिनं फाइल चाळली आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"बापरे! एवढे व्यवस्थित कागद मी इथे पहिल्यांदाच बघतेय."

अनुस्वारराव तीन महिन्यांत प्रथमच हसले. अधिकारीबाईंनी हातातलं यंत्र ढब्बूच्या मानेवरून फिरवलं. यंत्र टूं करून वाजलं.

"नंबर सांगा."

अनुस्वाररावांनी फाइल न उघडता पंधराही आकडे घडाघडा म्हटले.

"शेवटचे तीन परत सांगा."

"चार, सात, एक."

"इथे चार, सात, दोन येतंय."

बाईंनी यंत्र पुसलं, झटकलं, परत फिरवलं. चार, सात, दोन. तिसऱ्यांदा ढब्बूला वाटलं की मान खाजवताहेत. त्यानं डोळे मिटून मान आणखी पुढे केली. चार, सात, दोन.

"एका आकड्याचा तर फरक आहे," बायको म्हणाली.

"मावशी, एका आकड्यानं काय होतं ते दाखवते," असं म्हणत अधिकारीबाईंनी संगणकावर नंबर टाकला. पडद्यावर आलेलं त्यांनी मोठ्यानं वाचलं. "मांजर. मादी. पांढरी. वय सात. नाव ठमी."

तिघांनी ढब्बूकडे पाहिलं. ढब्बूनं जांभई दिली.

"हे मांजर आहे असं मी म्हणत नाही," अधिकारीबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पण माझ्या दप्तरात कागदाला किंमत नाही, मानेतल्या नंबरला आहे. या नंबराचा कुत्राच अस्तित्वात नाही. एक तर तुम्ही माघारी फिरा, नाहीतर याला एकवीस दिवस आमच्या पिंजऱ्यात ठेवावं लागेल."

'माघारी' हा शब्द कानावर पडला आणि अनुस्वाररावांच्या पोटातला गोळा झर्रकन विरघळला. माघारी! म्हणजे गाडी वळवायची, संध्याकाळी घर, उद्या सकाळी पाठीमागच्या मैदानावर नेहमीची फेरी. हे सगळं क्षणभर त्यांच्या डोळ्यांपुढून सरकलं, आणि पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की कानाच्या पाळ्या तापल्या. मुलीनं रजा घेतली होती. अंगणाला जाळी ठोकली होती. कालच तिनं नव्या खाटल्याचा फोटो पाठवला होता. खाटलं कुत्र्याचं, पण त्याला उशी होती.

"माघारी नाही जायचं!" ते गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाले. "हे निस्तरायचं. ठमी कुठली ते मला माहीत आहे."

बायकोलाही माहीत होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि अनुस्वाररावांनी आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, ढब्बूच्या मानेत ठमी आहे."

"काय आहे?"

"ठमीचा नंबर! आमच्या खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईंचं मांजर. आपल्याकडे चिप बसवायला आम्ही एकाच दिवशी आलो होतो. आठवतंय?"

मग डॉक्टर सावकाश म्हणाले, "त्याच दिवशी ना, माझं औषधांचं कपाट पडलं?"

तोच दिवस. ठमी टोपलीतून निसटून कपाटावर चढली होती आणि ढब्बूही चढायला गेला होता. कपाट पडलं. औषधं, सुया, नंबरांची स्टिकरं, सगळं जमिनीवर आलं. कंपाउंडरनं ते गोळा करून लावलं होतं.

"पण लस देताना तुम्ही नंबर तपासलात की!"

"यंत्र दुरुस्तीला गेलं होतं हो. मी कागदावरूनच उतरवला." डॉक्टर खजील होऊन म्हणाले. "एक करा. त्या मांजराला इकडे आणायला सांगा. त्याच्या मानेत तुमचा नंबर निघाला, की अदलाबदल सिद्ध झाली. मी लगेच पत्र पाठवतो. मात्र शनिवार आहे, मी चारला बंद करतो."

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. राहिला फोन टायपिस्टबाईंचा.

टायपिस्टबाई कोर्टात तीस वर्षं टंकलेखन करून निवृत्त झाल्या होत्या. ढब्बू आल्यापासून त्यांनी त्याच्याविरुद्ध इमारतीच्या समितीकडे अकरा तक्रारी केल्या होत्या. सगळ्या टाइप केलेल्या, परिच्छेदांना क्रमांक दिलेल्या. दहा अनुस्वाररावांनी मुकाट सोसल्या. अकरावीची प्रत त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांच्या हातात नेमकं लाल पेन होतं. त्यांनी हाताच्या सवयीनं सात चुका दुरुस्त केल्या, समासात खुणा केल्या आणि कागद बाईंच्या दाराखालून सरकवला. वाईट हेतू काहीच नव्हता. पण त्या दिवसापासून बाई जिन्यात समोर आल्या की भिंतीकडे बघत.

"हॅलो," पलीकडून आवाज आला.

"नमस्कार. मी... वरच्या मजल्यावरचा."

"कळलं. बोला."

अनुस्वाररावांनी कपाटापासून सुरुवात केली, मध्येच जंताची गोळी आणली, मग एकवीस दिवसांचा पिंजरा सांगितला. सांगून संपल्यावर बाई म्हणाल्या,

"म्हणजे माझ्या ठमीच्या मानेत तुमच्या त्या कुत्र्याचा नंबर आहे."

"हो."

"आणि मी तिला टोपलीत घालून दवाखान्यात न्यायची. आत्ता. तुमच्यासाठी."

"आपले फार उपकार..."

"त्या पत्रात सात चुका नव्हत्या," बाई म्हणाल्या.

अनुस्वाररावांना आधी कळलंच नाही.

"सहा होत्या. परिच्छेद तीनमधली वेलांटी मी दिली होती ती बरोबर होती. मी चार कोश पाहिले. तुम्ही ती खोडलीत."

ती वेलांटी अनुस्वाररावांच्या लख्ख लक्षात होती. महिनाभरानं त्यांनाही कोशात ती सापडली होती, आणि ते मूग गिळून बसले होते. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन होत होते. समोर ढब्बू वजनकाट्यावर जाऊन बसला होता आणि काटा बेचाळीसच्या पुढे थरथरत होता.

"बरोबर आहे तुमचं," ते हळूच म्हणाले. "चूक माझी होती."

"ऐकू नाही आलं."

"चूक माझी होती!" अनुस्वारराव ओरडले. अधिकारीबाईंनी दचकून शिक्का हातातून खाली टाकला.

"बघते," बाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

'बघते' म्हणजे हो का नाही, यावर पुढचा दीड तास गेला. अनुस्वारराव खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होते आणि त्यांच्या मागून ढब्बू घालत होता. पावणेतीनला फोन आला. ठमी कपाटाखाली शिरली होती. तीनला आला, ठमी आता कपाटावर होती. "घरात कपाटंच का ठेवतात लोक!" अनुस्वारराव केस ओढत म्हणाले. सव्वातीनला बाईंनी सांगितलं की त्यांच्या हातावर चार ओरखडे आले आहेत आणि त्यांची नोंद त्यांनी वेळेसह केली आहे. त्यानंतर फोनच आला नाही. साडेतीन झाले. पावणेचार झाले. अनुस्वाररावांनी तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा कुणी उचलला नाही.

"पिंजरा कसा असतो हो तुमचा?" त्यांनी खालच्या आवाजात अधिकारीबाईंना विचारलं.

"मोठा असतो, काका."

"वरून पत्रा?"

"हो."

"पावसाचा आवाज होत असेल. तो घाबरतो आवाजाला. माझ्या पायावर येऊन बसतो."

"अहो, या इकडे," बायको म्हणाली. तिनं त्यांना बाकावर बसवलं आणि पाण्याची बाटली हातात दिली. मग ती त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली.

चारला सहा मिनिटं कमी असताना डॉक्टरांचा फोन आला. मागून मांजराचं भीषण ओरडणं ऐकू येत होतं. "चार सात एक!" डॉक्टर ओरडले. "सापडला! पत्र पाठवतोय."

अनुस्वाररावांचा जीव भांड्यात पडला. पत्र आलं, अधिकारीबाईंनी ते वाचलं, छापलं, फाइलला लावलं, आणि परत संगणकाकडे पाहून त्यांचा चेहरा पडला.

"आता आणखी काय?" बायकोनं विचारलं.

"काका, हा मांजर नाही, कुत्रा आहे, हे आता मला मान्य. पण हा नंबर ज्यांच्या नावावर आहे त्या मालक म्हणजे तुमच्या टायपिस्टबाई. नंबराचा मालक तोच जनावराचा मालक. मालकी बदलायला अर्ज करून सहा महिने लागतात."

"म्हणजे आजच्या घडीला ढब्बू टायपिस्टबाईंचा आहे?"

"कायद्यानं, हो. त्यांचं संमतिपत्र आलं, तर तुम्ही त्याला नेऊ शकता. काही अटी असतील तर त्यात लिहायला सांगा. तुम्ही तोवर हा फॉर्म भरा. साडेचारला सगळं माझ्या हातात पाहिजे."

अनुस्वाररावांनी कपाळाला हात लावला. ज्या बाईनं ढब्बूविरुद्ध अकरा तक्रारी केल्या, तिलाच आता त्याची मालकीण म्हणून सही करायला सांगायचं! त्यांनी फोनवर बाईंचा नंबर काढला, मग परत पुसला.

"द्या इकडे," बायकोनं फोन काढून घेतला. "तुम्ही फॉर्म भरा. मी बोलते, आणि याला जरा गवतावर फिरवून आणते."

ती ढब्बूला घेऊन बाहेर गेली. फॉर्म चार पानांचा होता. 'जनावराशी नाते' या रकान्यापाशी अनुस्वाररावांचं पेन अडलं. खिडकीतून बायको दिसत होती. एका हातात साखळी, दुसऱ्या हातानं फोन कानाला, आणि ती काहीतरी बराच वेळ समजावून सांगत होती. मध्ये एकदा तिनं खिडकीकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. भांडण चाललं असणार, अनुस्वाररावांनी ताडलं. त्यांनी रकान्यात 'शेजारी' असं लिहिलं.

चार वाजून वीस मिनिटांनी संमतिपत्र आलं. टाइप केलेलं, परिच्छेदांना क्रमांक दिलेलं. अधिकारीबाईंनी मोठ्यानं वाचलं.

"परिच्छेद एक. सदर कुत्रा माझ्या मालकीचा असल्याचे आज रोजी माझ्या निदर्शनास आले. परिच्छेद दोन. त्याला परदेशी नेण्यास माझी हरकत नाही. परिच्छेद तीन. प्रवासात त्याची खिडकीची बाजू राखावी. परिच्छेद चार. सदर कुत्रा तीस दिवसांच्या आत मूळ इमारतीत परत आणावा. त्यानंतर मालकी बदलण्याच्या कोणत्याही अर्जावर मी सही करणार नाही."

"परत?" अनुस्वारराव उभे राहिले. "परत कसा? तो माझ्या मुलीचा आहे!"

"अट मालकिणीची आहे, काका. माझ्या हातात काही नाही." अधिकारीबाईंनी शिक्का मारला. "तीस दिवस. पुढचा!"

राहिलेला दोन तासांचा रस्ता अनुस्वारराव टायपिस्टबाईंना शिव्या घालत होते. काय ही आडमुठी बाई! तीन वर्षं कुत्रा घालवा म्हणून डोकं खाल्लं, आणि आता तो जातोय तर परत आणा म्हणते! मुलीला काय तोंड दाखवायचं? बायको आरशातून बघत "हो ना," "खरंच की," म्हणत होती. शिव्या घालता घालता अनुस्वाररावांच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. त्यांनी डब्यातलं सगळं संपवलं, ढब्बूला दिलेला वाटा सोडून.

मुलगी फाटकातच उभी होती. ढब्बू उतरला, तिला पायापासून हुंगत वर गेला, आणि मग एकदम ओळख पटून त्यानं तिला गवतावर आडवं केलं. दोघं खूप वेळ लोळत होती. अनुस्वारराव फाइल छातीशी धरून बघत राहिले. मग मुलगी धापा टाकत उठून बसली आणि ढब्बू सरळ चालत आला आणि त्यांच्या उजव्या पायावर बसला.

अनुस्वाररावांनी चोरट्या आवाजात परिच्छेद चार सांगितला. मुलीनं ऐकून घेतलं, अंगणाच्या नव्या जाळीकडे पाहिलं, मग बाबांच्या पायाकडे.

"तीस दिवस तर तीस दिवस," ती म्हणाली. तिचा आवाज किंचित चिरकला. "नाहीतरी मी दिवसभर कामावर असते, बाबा. याला सोबत लागते, हे मी विसरलेच होते. दर वर्षी एक महिना आणत जा मात्र."

जेवणं झाली आणि अनुस्वाररावांचा फोन वाजला. टायपिस्टबाई. ते उठून खोलीत गेले.

"कुत्रा जेवला का?"

"जेवला," ते म्हणाले, आणि मग दिवसभर साठलेलं बाहेर आलं. "पण बाई, ती चौथी अट तुम्ही का घातलीत? तीन वर्षं तुम्हाला तो नको होता. मुलगी बिचारी रडवेली झाली!"

"मी?" बाईंचा आवाज चढला. "मी कशाला घालू? मी तर दोनच परिच्छेद लिहिले होते. तिसरा आणि चौथा तुमच्या बायकोनं सांगितला. तोंडी, शब्दन् शब्द. म्हणाली, हे स्वतःच्या तोंडानं कधी सांगायचे नाहीत, आणि मुलीला मी सांगितलं तर हेच मला खोटं पाडतील. कुणीतरी तिसऱ्यानं कागदावर घालायला हवं. मी म्हटलं, टाइप करते, पण नाव माझं खराब होणार." त्या थांबल्या. "नाहीतरी तुमच्याकडे चांगलं होतं कुठे?"

अनुस्वाररावांनी फोन खिशात ठेवला आणि ते बाहेर आले.

बायको अंगणात होती. उकिडवी बसून गाडीच्या चाकातली हवा बघत होती. ढब्बू शेजारी बसून तिच्या कानात श्वास सोडत होता.

"कुणाचा फोन?" तिनं मान वर न करता विचारलं.

"टायपिस्टबाईंचा."

"काय म्हणाल्या?"

"कुत्रा जेवला का विचारत होत्या."

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं," बायको म्हणाली. तिनं चाकाला एक थाप मारली आणि उठायला हात पुढे केला. अनुस्वाररावांनी तो धरला. ती उभी राहिली तरी त्यांनी सोडला नाही.

"अहो, काय झालं? पित्त वाढलंय का परत?"

"नाही," अनुस्वारराव म्हणाले. "पित्त गेलं."